पाचशे लिंका पाच हजारांत, आणि इतर प्रश्न

या वेळचे बहुतेक प्रश्न दोनच गोष्टींवरचे आहेत : दुसऱ्यांच्या साइटवरून मिळणाऱ्या लिंका, म्हणजे बॅकलिंक, आणि गुगलला पैसे मोजून आणलेले क्लिक. म्हणून आज ते एकत्रच घेतोय.

प्रश्न : दापोलीजवळ आमचं होमस्टे आहे. एक एजन्सी ५,००० रुपयांत ५०० बॅकलिंक देते म्हणतेय, तीन महिन्यांत गुगलच्या पहिल्या पानावर आणण्याच्या बोलीवर. चाळीसच्या वर 'डोमेन अथॉरिटी' असलेल्या साइटींची यादीही पाठवली आहे. घ्यावं का?

नको. एक लिंक दहा रुपयांना पडतेय. दहा रुपयांत कोणी माणूस तुमची साइट उघडून, दापोलीबद्दल दोन ओळी वाचून, विचार करून काही लिहील का? हे काम सॉफ्टवेअर करतं. यादीतल्या कुठल्याही चार साइट उघडून बघा. तुमच्या होमस्टेच्या वर कसिनो असेल, खाली झटपट कर्ज आणि केस वाढवायचं तेल.

गुगलचा पायाच लिंकांवर घातला गेला, हे खरं आहे. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये असताना मांडलेल्या पेजरँकमध्ये, म्हणजे पानांना क्रम लावायच्या पद्धतीत, लिंक म्हणजे एक मत, आणि मत देणाऱ्या पानाचं जेवढं वजन तेवढं मताचं वजन. मताला किंमत आली की ते विकत मिळायला लागतं, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगायला नको. २०११मध्ये अमेरिकेतल्या जेसी पेनी या बड्या दुकान साखळीसाठी असंबद्ध साइटींवर पेरलेल्या हजारो लिंका 'न्यूयॉर्क टाइम्स'ने उघडकीस आणल्या आणि गुगलने तिला निकालात खाली ढकललं. पाठोपाठ २४ एप्रिल २०१२ला असल्या लिंका पकडणारं गुगलचं पेंग्विन अपडेट आलं आणि असल्या लिंकांवर वाढलेल्या असंख्य साइट आपटल्या. २०१६पासून पेंग्विन मूळ प्रणालीतच मुरलंय. आता असल्या लिंका बहुतेक वेळा सरळ मोजल्याच जात नाहीत. म्हणजे तुमचे ५,००० पाण्यात, एवढंच. प्रकरण फारच उघड असेल तर कारवाई होते आणि तशी सूचना सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गुगलच्या साधनात येते.

'डोमेन अथॉरिटी' हा साइट किती वजनदार याचा मॉझ नावाच्या खासगी कंपनीचा अंदाजी आकडा आहे. गुगल तो वापरत नाही. एजन्सीवाले मात्र तो सरकारी दाखल्यासारखा दाखवतात.

तुमच्या हाताशी खरा माल आहे. हर्णैहून सुवर्णदुर्गाला होडी कुठून सुटते, कोणत्या महिन्यांत बंद असते, माणशी किती घेतात, गाडी कुठे लावायची, बंदरावरचा मासळीचा लिलाव किती वाजता बघायला जावं, आंजर्ल्याला कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात त्या दिवसांत मुक्काम कसा ठरवावा, हे सगळं एका पानावर नीट लिहा. जुलै २०२५मध्ये सुवर्णदुर्ग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतल्या मराठा किल्ल्यांत आला. तेव्हा ही माहिती शोधणारे आणखी वाढतील. ट्रेकिंगचे ग्रुप, शाळांच्या सहलींचे आयोजक, प्रवासावर लिहिणारे आपणहून लिंक देतात ते अशा पानाला. 'आमच्याकडे घरगुती जेवण मिळेल' या पानाला कोण लिंक देणार? वर्षभरात अशा सात-आठ लिंका आल्या तरी त्या ५०० पेक्षा उजव्या. आणि नकाशावरचं तुमचं बिझनेस प्रोफाइल अर्धवट भरलेलं असेल तर ते आधी पुरं करा, त्याला पैसे पडत नाहीत.

प्रश्न : माझी मराठी पाककृतींची साइट आहे. 'तुमच्या साइटवर लेख टाका, १,५०० रुपये देतो, लिंक डू-फॉलोच हवी' असे मेल येतात. घरबसल्या पैसे मिळतायत, मग काय हरकत?

जाहिरात घ्यायला हरकत नाही. पण ती जाहिरात आहे हे लपवायचे पैसे ते देतायत, तिथे हरकत आहे. पैसे घेऊन दिलेल्या लिंकेला 'स्पॉन्सर्ड' किंवा 'नोफॉलो' अशी खूण कोडमध्ये लावावी, म्हणजे ती मत म्हणून धरली जात नाही, असा गुगलचा नियम आहे. अशी खूण नसलेली लिंक म्हणजे त्यांची 'डू-फॉलो'. नोफॉलो २००५पासून आहे, स्पॉन्सर्ड २०१९मध्ये आली. पुढच्या मेलला एवढंच उत्तर द्या : 'लेख टाकते, स्पॉन्सर्ड खूण लावून.' बहुतेकांचा पत्रव्यवहार तिथेच थांबतो.

लेख कशाचा आहे तेही पाहा. पुरणपोळीच्या साइटवर रमीचं अॅप कशाला? दुसऱ्याच्या नावलौकिकावर असा आयत्या बिळात नागोबा होणारा मजकूर गुगलने मार्च २०२४मध्ये वेगळं धोरण करून स्पॅममध्ये धरला. शिवाय ऑगस्ट २०२५च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांची जाहिरात करणंही गुन्हा ठरवलंय. १,५०० रुपयांसाठी ही कटकट ओढवून घेऊ नका.

प्रश्न : आम्ही देवगडचे आंबा बागायतदार. यंदा गुगलवर सर्च जाहिरात केली. १८,००० रुपये गेले, १,४०० क्लिक आले आणि ऑर्डरी फक्त ११. जाहिरात आमच्यासारख्यांसाठी नाहीच का?

क्लिक तेरा रुपयांच्या आत पडलाय, तो काही महाग नाही. एका ऑर्डरमागे सोळाशेच्या वर गेले, दुखणं तिथे आहे. तुम्ही सोबत सर्च टर्म्सचा रिपोर्ट जोडलात हे फार बरं केलंत, त्यात सगळं उघडं पडलंय. तुमचा कीवर्ड, म्हणजे ज्या शोधावर जाहिरात दिसावी तो शब्द, 'हापूस आंबा', तोही ब्रॉड मॅचवर, म्हणजे विषय जवळपासचा असला की कुठल्याही शोधावर जाहिरात दिसते. लोकांनी प्रत्यक्षात टाइप केलंय ते असं : 'आज वाशी मार्केट आंबा भाव', 'हापूस कलम किंमत', 'आंबा खाल्ल्याने शुगर वाढते का', 'आमरस रेसिपी', 'मँगो पल्प होलसेल'. यातला एकही माणूस पेटी घ्यायला निघालेला नाही. त्यांच्या प्रत्येक क्लिकचे पैसे तुम्ही भरलेत.

कीवर्ड फ्रेज (शोधात त्या शब्दांचा अर्थ आला तरच) किंवा एक्झॅक्ट (नेमका तोच शोध असेल तरच) मॅचवर आणा : 'हापूस आंबा ऑनलाइन', 'देवगड हापूस पेटी', 'हापूस घरपोच पुणे'. भाव, मार्केट, कलम, रोप, रेसिपी, पल्प, फायदे हे सगळे शब्द निगेटिव्ह यादीत, म्हणजे ज्यांवर जाहिरात दिसू नये अशा शब्दांच्या यादीत, टाका. इथे एक गोम आहे. साध्या कीवर्डला गुगल जवळचे शब्द आपणहून जोडून घेतं, निगेटिव्हला घेत नाही. 'कलम' टाकलं म्हणून 'कलमे' अडत नाही. दोन्ही टाका, आणि देवनागरीत एकदा, इंग्रजी अक्षरांत एकदा. आपली माणसं मराठीत विचार करतात आणि इंग्रजी अक्षरांत टाइप करतात, तेव्हा जाहिरातीचे कीवर्डही दोन्ही लिप्यांत हवेत. 'अल्फान्सो' म्हणणारं गिऱ्हाईकही सोडू नका.

पुढचं भोक लोकेशनमध्ये आहे. तुम्ही माल पाठवता मुंबई-पुण्याला, पण सेटिंग मूळचंच ठेवलंय, म्हणजे त्या भागात असलेले 'किंवा त्या भागात रस असलेले'. हा दुसरा गट काढा. सर्च मोहिमेत डिस्प्ले नेटवर्कची, म्हणजे इतर साइट आणि अॅपवरही जाहिरात दाखवायची, खूण आधीच केलेली असते, तीही काढा.

मग तुमचं पान. जाहिरातीवरून माणूस येतो तो थेट होमपेजवर, बागेचे फोटो एकामागून एक सरकतायत, आणि दराच्या जागी 'फोन करा'. रात्री अकराला आंबा शोधणारा फोन करत नाही, मागे जातो आणि खालच्या जाहिरातीवर टिचकी मारतो. जाहिरात पेटीची असेल तर पान पेटीचंच हवं : किती डझन, फळ किती ग्रॅमचं, दर काय, पुण्यात कोणत्या वारी पोचेल, फळ खराब निघालं तर काय. २०१८मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. तुम्ही त्याखाली नोंदलेले उत्पादक असाल तर नोंदणी क्रमांक ठळक द्या. 'देवगड' लिहून भलताच आंबा विकणाऱ्यांच्या गर्दीत गिऱ्हाईक तेच बघतं. गुगलही पानाला गुण देतं. दहापैकी मिळणाऱ्या क्वालिटी स्कोअरमध्ये अपेक्षित क्लिकचं प्रमाण आणि जाहिरातीची सुसंगती यांच्यासोबत पानाचा अनुभव धरलेला असतो. गुणवत्ता चांगली तर त्याच जागेसाठी पैसे कमी पडतात.

आणि त्या ११ ऑर्डरी फक्त साइटवरच्या ना? देवगडची निम्मी विक्री व्हॉट्सअॅपवर ठरत असेल. व्हॉट्सअॅपच्या आणि फोनच्या बटणावर कन्व्हर्जन मोजणी, म्हणजे जाहिरातीवरून आलेल्या किती जणांनी ते दाबलं याची नोंद, लावल्याशिवाय जाहिरात फसली की चालली हे सांगता यायचं नाही.

हंगाम संपला की पान काढून टाकू नका. दर वर्षी 'हापूस २०२५', 'हापूस २०२६' अशी नवी पानं करून जुनी उडवणारे बरेच आहेत, आणि जुन्या पानाला मिळालेल्या लिंका त्यासोबत जातात. पत्ता एकच ठेवा, जूनमध्ये वर 'पुढची पेटी मार्चमध्ये' एवढी ओळ टाका आणि फोन नंबर मागून घ्या.

प्रश्न : जाहिरात चालू असेपर्यंत आमची साइट फुकटच्या निकालातही वर येते का?

नाही. दोन्ही व्यवस्था वेगळ्या आहेत. जाहिरातीत नाव पाहून कोणी नंतर नावाने शोधलं, किंवा आवडलं म्हणून कुठे लिंक दिली, तर तेवढा आडून फायदा.

प्रश्न : रोजचं बजेट ५०० ठेवलं होतं, एका दिवसात ९३० कापले. तक्रार करू का?

तक्रारीत काही निघणार नाही. मागणी असेल त्या दिवशी रोजच्या बजेटच्या दुपटीपर्यंत खर्च होऊ शकतो. महिन्याचा आकडा मात्र बजेटच्या ३०.४ पट, म्हणजे तुमच्या बाबतीत १५,२०० रुपये, ओलांडत नाही. वर १८ टक्के जीएसटी वेगळा.

प्रश्न : एजन्सी आमच्या जाहिराती तिच्याच खात्यातून चालवते. खातं बघायला मागितलं तर 'ते गोपनीय असतं' म्हणते. दर महिन्याला एक पीडीएफ येतं. हे बरोबर आहे का?

पैसे तुमचे असताना गोपनीय कसलं आलंय? खातं तुमच्या मेलवर, तुमच्या जीएसटी क्रमांकावर उघडा आणि एजन्सीला तिच्या मॅनेजर खात्यातून (अनेक ग्राहकांची खाती एकाच जागेवरून चालवायचं खातं) जोडू द्या. काम तसंच चालतं, पण गुगलचं बिल तुमच्या नावावर येतं आणि त्यावरच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे तुमच्या करातून वजावट, थेट मिळतं. एजन्सी बदललीत तरी कीवर्ड, निगेटिव्ह यादी आणि मागचे आकडे तुमच्याकडेच राहतात. त्या पीडीएफमध्ये 'इम्प्रेशन'चे, म्हणजे जाहिरात किती वेळा दिसली त्याचे, मोठाले आकडे असतील, ते बाजूला ठेवा आणि दोन गोष्टी लेखी मागा : सर्च टर्म्सचा रिपोर्ट आणि खात्यातली चेंज हिस्ट्री. महिनाभरात कोणी काय बदललं ते दुसरीत तारीखवार दिसतं. ती कोरी निघाली तर पुढचं बिल भरण्याआधी व्यवस्थापन शुल्क कशाचं, ते विचारा.