‘मूडी’ माणूस मुळात शूर होता

प्रश्न असा आहे: घटकेत खूश, घटकेत रुसलेल्या माणसाला आपण ‘मूडी’ म्हणतो, हा अर्थ मूळचाच का? आणि इंग्रजी व्याकरणातल्या ‘मूड’शी त्याचं काही नातं आहे का?

नातं नाही. व्याकरणातला मूड, म्हणजे आपले आज्ञार्थ, विध्यर्थ वगैरे, लॅटिनमधल्या ‘मोदुस’वरून आला. मोदुस म्हणजे रीत.

मनाचा मूड मात्र अस्सल जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मन ज्यातल्या त्या, घराण्यातला. जुन्या इंग्रजीत ‘मोड’ म्हणजे मन, आणि मनातली हिंमतसुद्धा. त्यावरून ‘मोडिग’, म्हणजे शूर, बाणेदार. हाच आजचा मूडी! ९९१ साली इंग्लंडमधल्या एसेक्समध्ये मॉल्डनजवळ व्हायकिंगांशी लढाई झाली. तिच्यावरच्या काव्यात एक वयोवृद्ध योद्धा म्हणतो, आपलं बळ घटेल तसा ‘मोड’ वाढला पाहिजे. त्याच काव्यात इंग्रजांचा सरदार शत्रूला पाणी ओलांडून येऊ देतो आणि जिवानिशी जातो. कवी त्याचं कारण देतो ‘ओवरमोड’, अतिरेकी मोड. या शब्दाची पुढची सगळी घसरण मला इथेच दिसते. शौर्याचा ताठा झाला, ताठ्याचा हट्ट, हट्टाचा राग आणि रागाचा रुसवा. जर्मनमधला सख्खा भाऊ ‘मूटिश’ मात्र आजही शूरच आहे. (मनाच्या लहरीला जर्मन लोक ‘लाउनं’ म्हणतात. तो लॅटिनमधल्या ‘लूना’वरून, म्हणजे चंद्रावरून आला. आपल्या पुरुषसूक्तात ‘चन्द्रमा मनसो जातः’ आहे, ते इथे आठवल्याशिवाय राहत नाही.)

मूडीला मराठीत रोजचा शब्द ‘लहरी’, आणि तो चपखल आहे: लहर म्हणजे लाट, येते आणि ओसरते. पण घडणीनं मोडिगचा जोडीदार शोधायचा तर तो ‘मनस्वी’. मोडवरून मोडिग, तसा ‘मनस्’वरून मनस्वी. भर्तृहरीचा ‘मनस्वी कार्यार्थी’ सुखदुःख मोजत नाही, तो खंबीर मनाचा आहे. मराठीत आपण एखाद्या कलावंताला मनस्वी म्हणतो तेव्हा तो स्वतःच्या मनाप्रमाणे चालणारा असतो, आणि ‘मनस्वी संताप आला’ म्हणताना उरतो तो फक्त अतिरेक. मनस्वी या वाटेवर बराच पुढे आलाय, पण रुसव्यापर्यंत पोचलेला नाही. म्हणून भाषांतरात मूडीसाठी मनस्वी कुणी वापरू नये, तिथे लहरीच हवा.