जोडीने गाणाऱ्या पक्ष्यांना आपली पाळी कधी आली हे कसं कळतं?

तुम्ही विचारलंय की नर-मादी मिळून गाणारे पक्षी एकमेकांच्या आवाजावर न चढता इतकं अचूक कसं गातात, पाठ केलेलं असतं की ऐकून गातात. दोन्ही. पण माझ्या मते खरी कमाल ऐकण्याची आहे.

यावरचं सगळ्यात भारी काम इक्वेडोरमधलं. तिथे अँटिसाना ज्वालामुखीच्या उतारांवर बांबूच्या बेटांत रेन जातीचे छोटे तपकिरी पक्षी राहतात, त्यात नर एक तुकडा गातो, मादी पुढचा, परत नर, आणि हे इतकं भराभर चालतं की नवख्याला वाटणार एकच पक्षी गातोय. 2011 मध्ये ‘सायन्स’ या शास्त्रीय नियतकालिकात आलेला अभ्यास सांगतो की मेंदूतला जो भाग गाणं चालवतो (त्याला एचव्हीसी म्हणतात) तिथल्या पेशी फक्त स्वतःचा भाग ऐकवला तर कमी आणि दोघांचं मिळून गाणं ऐकवलं तर जास्त जोरात पेटतात, म्हणजे अख्खं गाणं दोघांच्याही डोक्यात असतं! एकटा पक्षी गातानासुद्धा जोडीदाराची जागा मोकळी सोडतो, फक्त त्या जागेची लांबी जोडीने गाताना असते तेवढी राहत नाही. तिथेच कळतं की नुसत्या पाठांतराने टायमिंग जुळत नाही.

मग 2021 मध्ये त्याच पक्ष्यांच्या मेंदूतले सिग्नल प्रत्यक्ष गाताना रेकॉर्ड केले. स्वतः गाताना एचव्हीसी जोरात चालू, आणि जोडीदाराचा आवाज कानावर पडला की तोच भाग दाबला जातो, यात गाबा नावाच्या रसायनाचा हात असतो. म्हणजे भजनात समोरच्याची ओळ चालू असताना आपण गप्प राहतो तसं, फक्त इथे गप्प राहायचं काम मेंदू आपोआप करून घेतो. मला हे वाचून जाम आनंद झाला होता.

आफ्रिकेतल्या कलहारीच्या विणकर पक्ष्यांवरही छोटे ट्रान्समीटर लावून असंच बघितलंय, तिथे जोडीने गाताना दोघांच्या मेंदूतल्या हालचाली एका लयीत येतात.

पुण्यात असाल तर सिंहगडाच्या पायथ्याच्या झाडीत सकाळी जा, बाकदार पिवळ्या चोचीचा सिमिटर बॅबलर ऐका. नराची घुमणारी शीळ संपते न संपते तोच मादीचा छोटासा खरखरीत आवाज येतो, तो इतका हळू असतो की बहुतेक लोकांच्या लक्षातच येत नाही, त्यामुळे शीळ संपल्यावर लगेच बोलू नका.