बॅकगॅमन नुसता नशिबाचा खेळ आहे का?

नाही हो, अजिबात नाही! बॅकगॅमन म्हणजे दोन फासे टाकून सोंगट्या हलवायचा दोघांचा पटावरचा खेळ. एखाद्या डावात फासे कुणालाही तारतात, पण सलग वीस डाव खेळून बघा मग कळतं. पटावर 24 घरं, प्रत्येकाच्या 15 सोंगट्या आणि खरी मेख एकट्या पडलेल्या सोंगटीत. ती समोरच्यापासून 6 घरांवर असेल आणि मधे अडथळा नसेल तर 36 पैकी 17 दानांत मार बसतो, तीच 7 वर सरकवली की फक्त 6 दानांत, म्हणजे एका घराने एवढा फरक पडतो. तुर्कीत या खेळाला तावला म्हणतात, 6-5 पडलं की "शेश बेश" म्हणतात, मला फार आवडतं ते. आणि पहिलंच दान 3-1 आलं तर 8 व्या आणि 6 व्या घरातली एकेक सोंगटी आणून 5 वं घर बांधून टाका, म्हणजे तिथे दोन सोंगट्या झाल्या की समोरच्याला त्या घरात येता येत नाही.