एक अभ्यासक्रम करायचाय? आधी कामं लिहा

बडोद्यातल्या तीन कॉलेजांचा इलेक्ट्रॉनिक्स टेक्निशियनचा अभ्यासक्रम एक करायला निघालात, तर विषयांची नावं जुळवत बसू नका. मकरपुऱ्याच्या (बडोद्याची औद्योगिक वसाहत) कारखान्यात मुलाला काय जमायला हवं, ते लिहा. ‘डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) समजतो’ हे मोघम झालं; ‘पॉवर सप्लायमधला ओपन, म्हणजे आतून तुटलेला, डायोड शोधतो’ असं लिहा.

मग तिन्हीकडे एकच सर्किट ठेवा: ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, १एन४००७ डायोडचा ब्रिज (एसीची डीसी करणारी चार डायोडची जोडणी), १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कपॅसिटर, आणि आउटपुट ५ व्होल्टवर स्थिर ठेवणारी ७८०५ ही आयसी. १०० मिलिअँपिअर लोडला कपॅसिटरवर साधारण १ व्होल्ट रिपल (डीसीतला चढउतार) येतो, १०० हर्ट्झचा. परीक्षेआधी ब्रिजमधल्या एका डायोडचा एक पाय सर्किटमधून सुटा करून ठेवा. रिपल जवळपास दुप्पट होतो, ५० हर्ट्झवर उतरतो. आउटपुटला मात्र ५ व्होल्ट तसेच! नुसता मल्टिमीटर आउटपुटला लावणारा मुलगा ‘ठीक आहे’ म्हणून मोकळा होतो. हा रिपल पडद्यावर दिसतो तो ऑसिलोस्कोपवर; त्यामुळे जिथे ऑसिलोस्कोप नाही, तिथल्या मुलांचं हे प्रात्यक्षिक शेजारच्या कॉलेजात लावा.

खरी ओढाताण गुणांवरून होते. चांगला, ड्राय (सोल्डर नीट न धरलेला) आणि जास्त सोल्डरचा, असे तीन जोड एकाच पीसीबीवर (सर्किटच्या पट्टीवर) करून प्रत्येक परीक्षकाच्या हातात द्या, म्हणजे सगळे एकाच मापाने गुण देतील. परीक्षक दुसऱ्या कॉलेजचाच हवा.