सुपरमॅन अमेरिकेचा नागरिक की बेकायदा घुसखोर?

कायद्याने नागरिकच. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम ३०१(एफ) असं: ५ वर्षांखालचं, आईबापाचा पत्ता नसलेलं मूल अमेरिकेत सापडलं तर ते जन्मापासून नागरिक. परग्रहावरून यानातून आलेलं, कॅन्ससच्या शेतात सापडलेलं हे बाळ यात चपखल बसतं. गोम पुढे आहे. ते २१ वर्षांचं होण्याआधी त्याचा जन्म बाहेरचा असल्याचं सिद्ध झालं, की हक्क गेला. म्हणजे कोठारात लपवलेलं ते यान तोवर कुणाच्या हाती लागता कामा नये. नंतर सापडलं तरी बिघडत नाही.

दत्तकविधानाचा उपयोग नाही. २००० च्या कायद्याने दत्तक मुलाला आपोआप नागरिकत्व मिळतं, पण त्यासाठी १८ च्या आत ग्रीन कार्ड लागतं, आणि हा तर तपासणी चुकवून थेट आकाशातून उतरलेला! त्याला वाढवणाऱ्या केंट दांपत्याने ‘पोटचा मुलगा’ म्हणून जन्मदाखला काढला असेल, तर तो कागद मात्र खोटाच.

१९८६ च्या नव्या कथेत त्याचा जन्मच पृथ्वीवर यानातून होतो, तिथे १४वी घटनादुरुस्ती (अमेरिकेच्या भूमीवर जन्मला तो नागरिक) पुरते.

२०११ च्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’ या कॉमिक्सच्या ९००व्या अंकात तो संयुक्त राष्ट्रांत जाऊन नागरिकत्व सोडणार म्हणतो. नुसत्या भाषणाने ते सुटत नसतं. परदेशातल्या अमेरिकी वकिलातीत अधिकाऱ्यासमोर शपथ घेऊन सही करावी लागते.