लिनक्स आणि व्हीपीएन वापरतो, म्हणजे मी ऑनलाइन निनावी झालो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विंडोज सोडून लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टीमवर आलात, व्हीपीएन (तुमची इंटरनेटची ये-जा आपल्या सर्व्हरमधून नेणारी सेवा) घेतलं, फायरफॉक्समध्ये प्रायव्हसीची आठ-दहा एक्स्टेन्शन टाकली. आता निनावी झालात का, आणि टेल्स (ओळख लपवण्यासाठी बनवलेली वेगळी लिनक्स सिस्टीम) वापरायची गरज आहे का?

निनावी झाला नाहीत. उलट वेबसाइटच्या बाजूने पाहिलं तर तुम्ही आता आधीपेक्षा सहज ओळखू येत असाल. लिनक्सवर नव्याने आलेल्या बऱ्याच जणांची इथेच गल्लत होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लिनक्समुळे तुमची ऑपरेटिंग सिस्टीम तुमच्यावर नजर ठेवायची थांबली. हा फायदा खरा आहे आणि मोठाही आहे. पण ब्राउझर उघडला की तो समोरच्या सर्व्हरला स्वतःहून बरंच काही सांगतो: सिस्टीम लिनक्स आहे, स्क्रीन एवढी, टाइम झोन हा, फॉन्ट हे, ग्राफिक्स कार्ड चित्र असं काढतं. यातली एकेक गोष्ट फुटकळ असते, पण सगळ्या जोडल्या की फिंगरप्रिंट तयार होतो. कुकी पुसा, व्हीपीएनने आयपी (इंटरनेटवरचा तुमचा पत्ता) बदला, फिंगरप्रिंट तोच राहतो. डेस्कटॉपवर लिनक्स वापरणारे मुळातच थोडे. त्यात हौसेने बसवलेले फॉन्ट आणि पान बदलून टाकणारी एक्स्टेन्शन आली की तुमच्यासारखा दुसरा सापडणं कठीण. डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनची ‘कव्हर युअर ट्रॅक्स’ ही चाचणी एकदा सगळी एक्स्टेन्शन चालू ठेवून आणि एकदा बंद करून चालवून बघा. तुमचा ब्राउझर किती वेगळा दिसतो ते ती सांगते. माझ्या मते रोजच्या वापराला फायरफॉक्सचं ‘स्ट्रिक्ट’ ट्रॅकिंग संरक्षण आणि यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन एवढं पुरतं. बाकीची एक्स्टेन्शन काढून टाका.

टॉर हे तुमची ये-जा अनेक सर्व्हरमधून फिरवून तुमचा आयपी लपवणारं नेटवर्क आहे. ते वापरणारा टॉर ब्राउझर सगळ्यांना एकसारखं दाखवायचा प्रयत्न करतो. त्याची खिडकी मोठी केली की पानाभोवती रिकामी पट्टी दिसते ना, ती त्यासाठीच असते. पानाचा आकार ठरावीक टप्प्यांतच वाढतो, म्हणजे तुमच्या स्क्रीनचं नेमकं माप वेबसाइटला कळत नाही. म्हणून टॉर ब्राउझरमध्ये काहीही बसवू नका, काही सजवू नका. लिनक्सवाल्यांना प्रत्येक गोष्ट आपल्या मनासारखी करून घ्यायची सवय असते. इथे मात्र तिला मुरड घालावी लागते.

आपल्यासारखे किती जण आहेत यावर सगळं कसं अवलंबून असतं, याचं उदाहरण 2013 च्या डिसेंबरमधलं आहे. हार्वर्डमधल्या एका विद्यार्थ्याने परीक्षा टाळण्यासाठी बॉम्बच्या खोट्या धमकीचे ईमेल पाठवले. टॉर वापरलं, तात्पुरता ईमेल पत्ता वापरला. तपास करणाऱ्यांना टॉर फोडावं लागलं नाही. त्या वेळी विद्यापीठाच्या नेटवर्कवरून टॉरला कोण जोडलं होतं, एवढंच त्यांनी पाहिलं. चौकशीत त्याने कबुली दिली. त्याचं कृत्य गुन्हाच होतं, पण त्यातून कळतं ते सगळ्यांनाच लागू आहे: टॉर तुम्ही काय करता ते झाकतं, टॉर वापरता हे आपोआप झाकत नाही.

व्हीपीएनबद्दल फार लिहायची गरज नाही. इंटरनेट कंपनीला जे दिसत होतं ते आता व्हीपीएन कंपनीला दिसतं. सार्वजनिक वायफायवर त्याचा उपयोग होतो. पण व्हीपीएन लावून तुम्ही नेहमीच्या ईमेल खात्यात लॉगिन केलंत, तर त्या सेवेला तुम्ही कोण हे माहीत असतंच.

आता सुरक्षेबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात तिचा उल्लेखच नाही आणि मला जास्त काळजी तिचीच वाटते.

मिंट बसवताना डिस्क एन्क्रिप्ट (पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी) करायचा पर्याय निवडला होता का? नसेल तर लॅपटॉप चोरणारा तो दुसऱ्या पेनड्राइव्हवरून सुरू करून तुमच्या सगळ्या फाइल वाचू शकतो. लॉगिनचा पासवर्ड तिथे काहीच अडवत नाही. बॅकअप घ्या आणि लक्स (लिनक्समधलं डिस्क एन्क्रिप्शन) निवडून मिंट पुन्हा बसवा. एक लक्षात ठेवा: मशीन नुसतं सस्पेंड केलं असेल तेव्हा एन्क्रिप्शनची किल्ली रॅममध्येच असते. प्रवासात ते पूर्ण बंद करा.

दुसरं, सिनॅमन (मिंटचा डेस्कटॉप) जर एक्स11 या खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या यंत्रणेवर चालत असेल तर ही चाचणी करा. टर्मिनलमध्ये एक्सइनपुट हे टूल ‘टेस्ट-एक्सआय2’ आणि ‘रूट’ हे पर्याय देऊन चालू ठेवा, मग दुसऱ्या खिडकीत काहीही टाइप करा. प्रत्येक की दाबल्याची नोंद पहिल्या खिडकीत उमटत जाते, पासवर्डचीसुद्धा. त्यासाठी सुडो (प्रशासकाचे अधिकार) लागत नाही. म्हणजे तुमच्या खात्यातून चालणाऱ्या कुठल्याही प्रोग्रामला हे जमतं. एक्स11 च्या जागी आलेल्या वेलँडमध्ये ही वाट बंद केली आहे. एक्स11 वरच राहायचं तर अनोळखी प्रोग्राम चालवूच नका.

आणि ‘लिनक्सला व्हायरस लागत नाही’ हे डोक्यातून काढून टाका. 2016 च्या फेब्रुवारीत खुद्द मिंटची वेबसाइट हॅक झाली आणि डाउनलोडची लिंक बॅकडोअर (हल्लेखोराला आत येण्याची चोरवाट) घातलेल्या आयएसओकडे, म्हणजे मिंट बसवायच्या फाइलकडे, वळवली गेली. वेबसाइटच ताब्यात गेली तर तिथला चेकसमही (फाइल बदलली आहे का ते पडताळायचा आकडा) बदलता येतो, म्हणून आयएसओची जीपीजी सही (बनवणाऱ्यांची डिजिटल सही) तपासायची. 2025 च्या जुलैमध्ये आर्च या दुसऱ्या लिनक्सच्या एयूआरमध्ये (वापरकर्त्यांनीच पॅकेजेस टाकायच्या भांडारात) फायरफॉक्स आणि लिबरवुल्फ या ब्राउझरच्या सुधारित आवृत्त्या असल्याचं भासवणारी पॅकेजेस आली आणि त्यांतून दुसऱ्याच्या मशीनचा ताबा घेणारा ट्रोजन बसत होता. प्रायव्हसीचा ब्राउझर शोधणारेच त्यांचं लक्ष्य होते. मिंटवर तुम्ही एयूआर वापरत नाही, पण कुठल्यातरी पानावरून पीपीए (बाहेरच्या कोणाचं सॉफ्टवेअर भांडार) जोडणं किंवा सुडोने स्क्रिप्ट चालवणं यात तोच धोका आहे. जे मिंटच्या भांडारात आहे ते तिथूनच घ्या, आणि अपडेट टाळू नका.

टेल्सची गरज तुम्हाला कोणापासून लपायचंय यावर ठरते. जाहिरात कंपन्यांपासून असेल तर नाही. एखादी माहिती पत्रकाराला पोहोचवायची आहे, किंवा ओळख उघड झाली तर नोकरी किंवा जीव धोक्यात येईल, अशी वेळ असेल तर जरूर वापरा. ते पेनड्राइव्हवरून चालतं, इंटरनेटची सगळी ये-जा टॉरमधून करतं आणि बंद केल्यावर त्या मशीनवर मागे काही ठेवत नाही. पाठवायच्या फोटोंमधला मेटाडेटा (फोटो कधी, कुठे काढला अशी लपलेली माहिती) काढायचं टूलही त्यात आहे. फक्त एका सत्रात एकच ओळख वापरा. दुसरं काम करायचं असेल तर टेल्स बंद करून पुन्हा सुरू करा, आणि तुमच्या खऱ्या नावाचं कुठलंही खातं त्यात उघडू नका.