बंदराचे जुने फोटो रस्त्यावर लावले की त्यांची कला कशी होते?

तुमचा प्रश्न असा आहे: बंदराच्या शहरांत सुरुवातीच्या काळातले फोटो भिंतीएवढे मोठे करून धक्क्याजवळ, स्टेशनात, रस्त्याकडेला लावतात आणि त्याला 'सार्वजनिक कला' म्हणतात. फोटो तर दीडशे वर्षांपूर्वीच कुणीतरी काढून ठेवलेला आहे, मग यात नवीन कला कोणती आणि ती कुणाची?

शंका रास्त आहे. यातले बरेचसे फोटो कला म्हणून काढलेलेच नव्हते. गोदीचं काम कुठवर आलं हे दाखवायला, जमिनीला गिऱ्हाईक मिळावं म्हणून, नाहीतर आपण सुखरूप पोचलो आणि हे बघा कुठे आलोय, हे घरच्यांना कळावं म्हणून ते काढले गेले. आल्बममध्ये चिकटवून मांडीवर घेऊन बघायची ती वस्तू. मी गेली बारा वर्षं जुन्या काचेच्या निगेटिव्ह स्कॅन करून मोठ्या छपाईसाठी तयार करते. एवढ्या कामानंतर माझं मत असं झालंय की असा फोटो कुठे लावला, कुणाच्या नजरेच्या उंचीला लावला आणि त्यातलं काय पुसलं नाही, यावर सगळं ठरतं.

'कुठे'साठी सॅन फ्रान्सिस्कोचं उदाहरण घेते. 1848 च्या सुरुवातीला ही जेमतेम हजारभर लोकांची वस्ती होती. सोनं सापडल्याची बातमी पसरली आणि 1849 संपेपर्यंत तिथे वीस-पंचवीस हजार माणसं जमली. जहाजं येत, नांगर टाकत आणि खलाशी थेट खाणींच्या दिशेने पळ काढत. परतीला माणूसच नाही, म्हणून शेकडो जहाजं खाडीत तशीच उभी राहिली. 1850 नंतरच्या दोन-तीन वर्षांतले डॅगेरोटाइप, म्हणजे धातूच्या पत्र्यावर उमटवलेले सुरुवातीचे फोटो, पाहिलेत तर घरांच्या छपरांमागे डोलकाठ्यांचं रान दिसतं. मग पाण्यात भराव घालत शहर पुढे सरकलं. काही जहाजं गोदामं झाली, एकाचा तुरुंग केला. 'नायंटिक' नावाचं जहाज किनाऱ्यावर ओढून घेतलं, त्यात आधी दुकान-गोदाम चालवलं, पुढे त्याच जागी हॉटेल उभं राहिलं. 1851 च्या आगीत जहाजाचा वरचा भाग जळाला, तळ जमिनीत राहिला, आणि 1978 मध्ये नव्या इमारतीचा पाया खणताना तो पुन्हा सापडला. क्ले आणि सॅनसम या रस्त्यांचा तो कोपरा आज पाण्यापासून चांगलाच आत आहे.

आता डोलकाठ्यांचा तो फोटो दालनात काचेमागे पाहिलात, तर 'केवढी जहाजं!' म्हणून पुढे जाल. तोच फोटो त्या कोपऱ्यावर लावला, तर आपण उभे आहोत ती फरसबंदी म्हणजे कधीकाळचं पाणी आहे हे तिथेच, उभ्या उभ्या कळतं. फोटो तोच आहे. जागा कुणीतरी विचार करून निवडली. तुम्ही विचारलेली कला तिथे आहे आणि ती निवडणाऱ्याची आहे.

मुंबईतही असं करता येण्याजोग्या जागा भरपूर आहेत. फोटोग्राफीची संस्था इथे 1854 मध्येच निघाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी हे तिथल्या पहिल्या भारतीय फोटोग्राफरांपैकी एक. कोटाची तटबंदी 1860 च्या दशकात पाडली, 1880 मध्ये प्रिन्सेस डॉक सुरू झाला, आणि त्या गोदीसाठी खणताना खाली बुडालेलं जंगल लागलं होतं, उभ्या झाडांच्या बुंध्यांसकट. म्हणजे समुद्र भरून जमीन झालेल्या या शहरात एके ठिकाणी जमिनीचाच समुद्र झाला होता. हे एखाद्या फोटोखाली दोन ओळींत लिहिलं तर माणूस थबकेल की नाही?

डॅगेरोटाइपची एक गंमत सांगते, कारण ती मोठी छपाई करताना हमखास नडते. ती प्रतिमा थेट चांदीच्या मुलाम्याच्या पत्र्यावर उमटते, निगेटिव्ह नसते, म्हणून बहुतेक वेळा आरशासारखी उलटी असते. उजवा किनारा डावीकडे. दुकानाच्या पाट्या उलट्या वाचल्या की लक्षात येतं. पण पाटी नसलेला, नुसता डोंगर आणि पाणी असलेला फोटो उलटाच छापला जाऊ शकतो, आणि मग त्याच जागी उभा राहून जुळवू पाहणारा माणूस गोंधळतो.

आता पुसण्याबद्दल, कारण माझा जीव त्यात अडकलेला आहे.

1851 नंतर ओल्या काचेची पद्धत आली. काचेवर कोलोडियन नावाच्या चिकट द्रवाचा थर द्यायचा, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची, आणि थर वाळायच्या आत फोटो घेऊन धुऊनही काढायची. हाताशी दहा-पंधरा मिनिटं. त्यामुळे फोटोग्राफर काळोखा तंबू बरोबर घेऊन हिंडे. थर निळ्या प्रकाशाला फार लवकर पकडतो, म्हणून आकाश जवळजवळ नेहमी पांढरं सपाट येतं. आणि उघडीप, म्हणजे काचेवर प्रकाश पडू द्यायचा वेळ, काही सेकंदांची, उजेड कमी असेल तर त्याहून बरीच जास्त. तेवढ्या वेळात लाटांचं दूध होतं, नांगरलेल्या जहाजाच्या डोलकाठ्या भरतीबरोबर डुलून दुहेरी दिसतात, आणि चालणारी माणसं नाहीशी होतात.

बंदरात चालत कोण असतं? हमाल, मचव्यातून माल उतरवणारे, गाडीवान, टोपल्या वाहणाऱ्या बायका. उभं कोण असतं? साहेब, कारकून, मुद्दाम उभे केलेले लोक. म्हणून जुन्या धक्क्यांचे फोटो शांत, रिकामे, नीटनेटके दिसतात. लोक म्हणतात, 'किती निवांत होतं तेव्हा!' निवांत मुळीच नव्हतं. काम करणारी माणसं काचेवर टिकली नाहीत, एवढंच. 1880 च्या सुमाराला कोरड्या काचा सर्रास झाल्या, उघडीप क्षणावर आली, आणि त्याच धक्क्यांवर एकदम गर्दी अवतरली.

एकदा एका धक्क्याची निगेटिव्ह माझ्याकडे आली. नुसत्या डोळ्यांना दगडी कठडा, गासड्यांची थप्पी आणि दोन गलबतं. स्क्रीनवर मोठी करत गेले तर थप्पीच्या पायथ्याशी चार-पाच धुरकट पट्टे होते, कमरेएवढ्या उंचीवर जास्त दाट. ओझं घेण्यासाठी वाकलेली माणसं. वर डोकी नव्हतीच, कारण ती सारखी हलत होती, पण पावलं मात्र स्पष्ट होती. अनवाणी, बोटं फाकलेली. आणि शेजारी दोर बांधायच्या खुंटावर एक पोरगा बसला होता, नख न् नख दिसावं इतका स्पष्ट. काहीतरी वेगळं चाललंय म्हणून तो श्वास रोखून कॅमेऱ्याकडे बघत असावा.

ज्यांना तो फोटो भिंतीसाठी हवा होता त्यांनी निरोप पाठवला: खालचे डाग साफ करा, छान होईल. मी दोनदा समजावलं की ते डाग नाहीत, ती माणसं आहेत. शेवटी माझ्या हातून नाही, पण दुसऱ्या कुणाकडून ते साफ करून घेतले गेले, आणि खालची कड कापल्यामुळे पावलंही गेली. पोरगा उरला. त्या भिंतीपाशी मी थांबू शकत नाही.

बाकी तांत्रिक बाबी थोडक्यात. साधी छपाई उन्हात काही वर्षांत फिकी पडते. टिकवायचं असेल तर पोलादी पत्र्यावर भाजलेलं इनॅमल किंवा दगडात कोरलेली प्रतिमा. मोठं करायला चांगली काचेची निगेटिव्ह हवी, आणि त्या काचांमध्ये आजच्या कॅमेऱ्यांनाही लाजवेल इतका तपशील असतो. उंचीचं मात्र कळकळीने सांगते: फोटो कमानीवर, डोक्याच्या वर लावला की तो सजावट होतो. गुडघ्यापासून सुरू झाला की त्यातली माणसं आपल्याएवढी होतात.

असा फोटो पुढच्या वेळी दिसला तर जहाजं नंतर बघा. आधी पाण्याची कड कुठे आहे ते शोधा आणि आज ती कुठे आहे याच्याशी ताडून बघा. मग कॅमेरा कुठे ठेवला असेल ते ठरवा. बहुतेक वेळा टेकडीवर, दीपगृहाजवळ किंवा एखाद्या साहेबाच्या गच्चीवर. आणि मग अगदी जवळ जाऊन खालच्या कडेला, मालाच्या थप्प्यांपाशी, धुरासारखं काही आहे का ते बघा.